थकलेले दोन हप्ते

१६ जून २०२५, सोमवार. त्या दिवसापासून बेंगळुरूत बाइक टॅक्सी बंद झाली. ज्यांनी ती कधी वापरली नव्हती, त्यांनी बातमी वाचली आणि सोडून दिली. ज्यांना रोजची सवय होती ते दोन दिवस चिडले आणि रिक्षाने जाऊ लागले. काही बहाद्दरांनी तर ॲपवरच्या पार्सल सेवेत स्वतःलाच 'पार्सल' म्हणून बुक करायला सुरुवात केली. त्यावरचे विनोद तुमच्याही मोबाइलवर आले असतील. आमच्या घरात मात्र कुणी हसलं नाही. माझ्या धाकट्या भावाच्या मोटरसायकलचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला जातो, आणि ५ तारीख कुठल्या कोर्टाला विचारून येत नाही.

आम्ही मूळचे निपाणीचे. लग्न होऊन मी बेंगळुरूला आले, त्याला सोळा वर्षं झाली. माझे मिस्टर पीण्यातल्या एका मशीन शॉपमध्ये आहेत आणि मी तिथल्याच एका लहान कारखान्यात हिशेब लिहिते. लग्गेरेत भाड्याच्या दोन खोल्यांत आमचा संसार. भाऊ बी.कॉम. झाल्यावर आमच्याकडे आला. आधी एका गोदामात रात्रपाळी केली, पण तिथे पगार चौदा हजार आणि तोही कधी १० तारखेला, कधी १८ तारखेला. शेजारच्या गल्लीतली दोन पोरं मेट्रो स्टेशनवरून सवाऱ्या मारून त्याच्या दीडपट कमावत होती. ते बघून त्याने गाडी घ्यायचं ठरवलं.

११ ऑक्टोबर २०२४ ला आयुधपूजा होती. कर्नाटकात गाडीची पूजा त्याच दिवशी करतात. कुंकू भरलेला कोहळा फोडायचा आणि चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पहिल्यांदा पुढे घ्यायची. गाडी १२५ सीसीची, रस्त्यावर येईपर्यंत १ लाख १५ हजार. त्यातले २५ हजार आईने दिले. आईने आयुष्यभर विड्या वळल्या, त्या पैशांतून केलेली तिची एक बोरमाळ होती. ती गावातल्या पतसंस्थेत गहाण ठेवून तिने हे पैसे पाठवले होते. उरलेलं ९० हजारांचं कर्ज एका फायनान्स कंपनीचं, ३६ हप्ते, दरमहा ३,३२५ रुपये. पहिला हप्ता ५ नोव्हेंबरला.

आठ हप्ते अगदी घड्याळासारखे गेले. सकाळी मेट्रोवरून पीण्याच्या कंपन्यांत माणसं सोडायची, दुपारी घरी येऊन जेवायचं, संध्याकाळी पुन्हा निघायचं. पेट्रोल वजा जाता दिवसाला सातशे-आठशे सुटायचे. महिन्याला दोन हजार आईला जायचे, पतसंस्थेचं व्याजही त्यातच.

पण ज्या धंद्यावर हे चाललं होतं, त्याच्या कायद्याचा पाया सुरुवातीपासून डळमळीत होता. कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये फक्त इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीसाठी एक योजना आणली होती, ती मार्च २०२४ मध्ये मागे घेतली. पांढऱ्या पाटीच्या खासगी दुचाकीवर भाड्याने माणसं न्यायची की नाही, याचं भांडण उबर, रॅपिडो, ओला या कंपन्या आणि सरकार यांच्यात हायकोर्टात चालूच होतं. २ एप्रिल २०२५ ला कोर्टाने सांगितलं, सरकार मोटर वाहन कायद्याच्या कलम ९३ खाली नियम करेपर्यंत ही सेवा चालवता येणार नाही. सहा आठवड्यांची मुदत दिली, ती वाढून १५ जूनपर्यंत आली. १३ जूनला खंडपीठानेही स्थगिती नाकारली. चालकांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, राज्यात लाखाहून जास्त लोकांची रोजी यावर आहे म्हणून. त्यातला एक आमच्या घरी जेवत होता.

जुलैच्या १ तारखेला तो उड्या मारतच घरी आला. केंद्र सरकारची नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली होती आणि त्यात खासगी दुचाकीने प्रवासी नेण्याची सोय होती. पुढचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं, ते असं की राज्य सरकारने मान्यता दिली तरच. महाराष्ट्रात जावं म्हटलं तर तिथे एप्रिलमध्ये मान्यता मिळाली होती ती इलेक्ट्रिक बाइक टॅक्सीला. याच्या पेट्रोलच्या गाडीला सध्या कुठेच जागा नव्हती.

मग तो जेवणाची पार्सलं पोचवू लागला. पण शहरातल्या सगळ्याच बाइकवाल्यांनी तोच विचार केला होता. एका हॉटेलसमोर वीस-वीस पोरं मोबाइल हातात धरून उभी, वर जुलैचा पाऊस. दिवसाचे तीनशे मिळाले तरी नशीब. त्यातून पेट्रोल भरायचं. ५ जुलैचा हप्ता परत गेला आणि ५ ऑगस्टचाही.

हप्ता परत जाणं म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलं नाही त्यांना मी हिशेबनीस म्हणून सांगते. खात्यात पैसे नसले की कंपनी बाउन्सचे पैसे लावते. याच्या करारात ते जीएसटी धरून ५९० होते. पण तेवढ्यावर भागत नाही. आपली बँकही वेगळे पैसे कापते, याच्या बँकेचे २९५. आणि कंपनीने चार दिवसांनी पुन्हा एकदा हप्ता ओढून पाहिला, की पुन्हा २९५. दोन महिन्यांत बँकेचेच १,१८० झाले. खातं रिकामं असल्यामुळे ते लगेच कापले गेले नाहीत, बँक दबा धरून बसली. जुलैच्या शेवटी त्याने कुठून तरी दोन हजार गोळा करून हप्त्यासाठी खात्यात टाकले, तर त्यातून बँकेने आपले ५९० आधी उचलले. हप्त्याला पैसे पुन्हा अपुरेच. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याच्याकडूनच पैसे नसल्याचे पैसे घेतात, हा मला या सगळ्यातला सर्वांत बेरकी भाग वाटतो. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२४ पासून दंडावर व्याज चढवायला बंदी केली आहे, थकबाकीचा दंड आता फक्त शुल्क म्हणून लावता येतो. तेवढाच दिलासा.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. घरात एवढंच दिसत होतं की त्याचा फोन सारखा सायलेंटवर असतो, आणि गाडी आमच्या दारात नसते. 'पार्किंगला जागा नाही,' म्हणायचा. प्रत्यक्षात तो ती दोन गल्ल्या सोडून एका मित्राच्या घरामागे ताडपत्री घालून ठेवत होता. बिचाऱ्याला दोन बाजूंनी भीती. सवारी घेतली तर आरटीओ गाडी धरणार, आणि पहिल्याच दिवसापासून शहरात त्या धरत होतेच. सवारी नाही घेतली तर फायनान्सवाले ओढून नेणार.

१७ ऑगस्टला, रविवारी सकाळी, रिकव्हरीचा माणूस आला. थेट आमच्याकडे नाही. खाली घरमालकांकडे जाऊन त्याने मोबाइलवरचा गाडीचा फोटो दाखवला, नंबर मोठ्याने वाचला आणि विचारलं, 'हा पोरगा इथेच राहतो ना? दोन महिने पैसे बुडवलेत.' जिन्यात तिघं-चौघं उभे होते. सोळा वर्षांत या गल्लीत आम्ही कुणाचे दहा रुपये ठेवले नव्हते.

मी खाली गेले. त्याला वर बोलावलं, पाणी दिलं. तो कन्नडमध्ये बोलत होता, मध्येच माझी बोली ऐकून मराठीवर आला, निघाला चिक्कोडीकडचा. 'अक्का,' म्हणाला, 'मी काय तुमचा वैरी नाही. मला गाडीमागे पैसे मिळतात. आज नाही मिळाली तर उद्या दुसरा येणार.' मी त्याच्याकडे ओळखपत्र आणि कंपनीचं अधिकारपत्र मागितलं. ओळखपत्र होतं, पत्र मोबाइलमध्ये होतं. मी दोन्हींचे फोटो काढले. मग सांगितलं, उद्या आम्ही स्वतः शाखेत येतो, गाडी मात्र आज कागदाशिवाय मिळायची नाही. तो फार हटून बसला नाही. आवाज न चढवता बोलल्याचा उपयोग झाला असावा, किंवा गाडी दिसतच नव्हती म्हणूनही असेल.

भाऊ अर्ध्या तासाने आला. मान खाली. 'आक्का, आईला नको सांगू,' हे त्याचं पहिलं वाक्य.

त्या रात्री आम्ही तिघं कागद घेऊन बसलो. करार कागदावर नव्हताच, ईमेलमध्ये इंग्रजी पीडीएफ होती, ओटीपी टाकून सही झालेली. चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून अडतीस पानं छापून आणली. पहिल्यांदा मुख्य तथ्यांचं पत्रक काढलं. १ ऑक्टोबर २०२४ नंतरच्या अशा प्रत्येक कर्जाला ते द्यावंच लागतं आणि त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो. शोरूममधल्या मुलाने तोंडाने 'अकरा टक्के' सांगितलं होतं. ते होतं फ्लॅट व्याज, म्हणजे कर्ज फिटत आलं तरी व्याज पूर्ण ९० हजारांवरच. पत्रकात आकडा वीसच्या वर होता. आठ हप्त्यांत त्याने २६,६०० रुपये भरले होते आणि मुद्दल कमी झालं होतं सोळा हजारांच्या आतच. अजून ७४ हजारांच्या वर मुद्दल बाकी.

मिस्टर म्हणाले, 'देऊन टाकू गाडी. रोजची कटकट नको. तो परत नोकरी बघेल.'

ऐकायला हे शहाणपणाचं होतं आणि बरीच माणसं असंच करतात. पण मी कागदावर मांडून दाखवलं. दहा महिन्यांत पंचवीस हजार किलोमीटर पळालेली गाडी लिलावात पन्नास हजारांना गेली तरी खूप. ते पैसे ७४ हजारांतून वजा होणार. वर यार्डाचं भाडं, लिलावाचा खर्च. म्हणजे गाडी गेली आणि वर पंचवीस-तीस हजारांचं देणं तसंच राहिलं, आणि ते फेडायला हाताशी गाडी नाही. गाडी परत केली म्हणजे कर्ज मिटलं, असं होत नाही. आणि बोरमाळ गहाणच. मिस्टर बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले.

मग जप्तीचं कलम शोधलं, ते एकतिसाव्या पानावर निघालं. रिझर्व्ह बँकेचा फायनान्स कंपन्यांसाठी नियम आहे की गाडी ताब्यात घ्यायची असेल तर कसं, किती दिवसांची नोटीस देऊन, हे करारातच लिहिलेलं पाहिजे. नोटीस कधी टाळता येते तेही लिहावं लागतं, आणि विकण्याआधी कर्जदाराला पैसे भरायची शेवटची संधी द्यावी लागते. आमच्या करारात सात दिवसांची लेखी नोटीस होती. ईमेल, मेसेज, टपाल सगळं धुंडाळलं. धमकीचे मेसेज ढीगभर, नोटीस एकही नाही. फोनमध्ये रात्री साडेनऊचे, पावणेदहाचे कॉल होते. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, चारचौघांत बेअब्रू करायची नाही, हे ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका ट्रकच्या प्रकरणात बँकेला सुनावलं होतं, की वसुलीसाठी गुंड पाठवता येणार नाहीत, कायद्याने जा. म्हणजे कंपनीचा हक्क खरा, गाडी पूर्ण फिटेपर्यंत आरसीवर तिचाही बोजा आहेच. पण रस्त्यात अडवून किल्ली हिसकावणं त्या हक्कात बसत नाही.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून आम्ही दोघं शाखेत गेलो. मी आधी खातेउतारा मागितला. त्यावर थकबाकी ७,९४६ रुपये होती, दोन हप्ते, दोन बाउन्स आणि दंड मिळून. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पूर्ण भरा नाहीतर गाडी जमा करा. मी अर्ज लिहूनच नेला होता. १६ जूनला काम का बंद झालं, त्याआधीचे आठही हप्ते वेळेवर गेलेत, आज पाच हजार भरतो, बाकी १५ सप्टेंबरपर्यंत, ५ सप्टेंबरचा हप्ता त्याशिवाय वेगळा. नोटिशीशिवाय माणूस पाठवल्याचा आणि रात्रीच्या फोनचा तारखांसह उल्लेख खाली केला होता. दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली.

पोच द्यायला कुणी तयार होईना. तासभर बाकड्यावर बसलो. शेवटी आतल्या साहेबांनी बोलावलं. मी एवढंच म्हटलं, इथे पोच नाही मिळाली तर हाच अर्ज कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करते, आणि ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत, माहिती १४४४८ या नंबरवर मिळते. साहेबांनी अर्ज पुन्हा वाचला. ऑगस्टचे बाउन्सचे ५९० माफ केले, उरलेल्या २,३५६ ला १५ सप्टेंबरची तारीख दिली आणि तसं ईमेलवर लेखी पाठवलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या टेबलावर अशाच फायलींचा गठ्ठा होता, बहुतेक सगळ्या दुचाकीच्या.

पाच हजार आम्ही रोख भरले आणि पावती घेतली. खात्यात टाकले असते तर बँकेने तिचा वाटा पुन्हा आधी काढला असता. त्यातले बावीसशे भावाचे होते. उरलेले अठ्ठावीसशे मिस्टरांनी सकाळी डब्याच्या पिशवीत ठेवले होते, मला न विचारता.

एक गोष्ट मात्र परत मिळणार नव्हती. ३० दिवसांच्या वर हप्ता थकल्याची नोंद सिबिलमध्ये गेली होती. ती तीन वर्षं दिसत राहते. पुढे कधी घरासाठी कर्ज मागायला गेला तर त्याला या पावसाळ्याबद्दल सांगावं लागेल.

त्याच आठवड्यात, २१ ऑगस्टपासून, ॲपवर बाइक टॅक्सीचं बटण पुन्हा दिसू लागलं. कोर्टात अपिलांची सुनावणी चालू होती आणि सरकार म्हणत होतं आम्ही परवानगी दिलेली नाही. भाऊ दोन दिवस ते बटण उघडून बघत होता, दाबलं नाही. दुपारी जेवणाची पार्सलं आणि सकाळी एका औषध दुकानाची डिलिव्हरी, एवढंच त्याने धरून ठेवलं. औषध दुकानवाला आठवड्याला पैसे देतो, थोडेच, पण ठरलेल्या वारी.

२७ ऑगस्टला गणपती. रात्रीच्या बसने आम्ही निपाणीला गेलो. आईला सांगायचं की नाही यावर बसमध्येच भावाशी माझी कुजबुज चालली होती. तिने विषय निघूच दिला नाही. आरती झाल्यावर मला मागच्या अंगणात नेऊन म्हणाली, 'मला आषाढातच फोन आला होता कंपनीचा. फॉर्मवर माझा नंबर दिलाय म्हणे त्यानं.' मी बघतच राहिले. 'मग सांगितलं का नाहीस?' तर म्हणाली, 'तुला ठाऊक नसेल तर दाजींसमोर पोराची लाज जाईल. म्हणून गप्प बसले.'

म्हणजे दीड महिना ती तिकडे एकटी आणि हा इकडे एकटा, तीच गोष्ट उराशी धरून बसले होते, एकमेकांना कळू नये म्हणून. आणि फोन करणाऱ्या कंपनीला मात्र आमच्या घरात कुणाला काय माहीत आहे ते सगळं ठाऊक होतं!

भावाला बोलावून तिने समोर बसवलं. ओरडली नाही. बोरमाळेचं व्याज दर महिन्याला किती चढतं, ते तिने बोटांवर मोजून सांगितलं आणि विचारलं, गाडीचं संपल्यावर आधी हे सोडवणार की लग्न करणार. तो हसला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

सप्टेंबरचा हप्ता ५ तारखेला गेला. २,३५६ रुपये १२ तारखेलाच भरले आणि थकबाकी शून्य झाल्याचा उतारा मागून घेतला. सप्टेंबरच्या हप्त्यानंतर पंचवीस हप्ते राहिले, शेवटचा ५ ऑक्टोबर २०२७ चा. त्यानंतर कंपनीकडून ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत जायचं, मग आरसीवरचा बोजा उतरतो. अडतीस पानांचा तो करार मी स्टीलच्या कपाटात, रेशनकार्डाच्या खाली ठेवला आहे. गाडी पुन्हा दारात असते. पांढऱ्या पाटीची, ताडपत्रीशिवाय. सवाऱ्या घ्यायच्या की नाही, हे कोर्टाचा निकाल लागल्यावर बघू असं तो तेव्हा म्हणत होता. सकाळी साडेसातला औषधांची पेटी मागे बांधून निघतो, आणि दर महिन्याच्या ३ तारखेला माझ्यासमोर मोबाइल धरून खात्यातली शिल्लक दाखवतो. मी न मागता.